शार्ङ्गदेवाच्या वीणा आणि देवलांची श्रुतिपेटी

बावीस श्रुतींचा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. वादी आणि प्रतिवादी दोघेही आरंभीं ग्रंथाचें वचन पुढें करतात, परंतु वचनानें निकाल लागेनासा झाला म्हणजे कोणी तरी एक नवें वाद्य बांधून सभेंत आणतो आणि म्हणतो, "ऐका, भरतमुनींना हेंच म्हणावयाचें होतें." वाद्य बोलूं लागतें आणि पोथीला गप्प बसावें लागतें. जे लोक पोथ्या जमवितात, पाठभेद लावतात व एका अक्षरासाठीं चार हस्तलिखितें चाळतात, त्यांनीं या प्रकाराकडे दुर्लक्ष करणें बरें नव्हे. नव्या वाद्यानें जुन्या ग्रंथाचा अर्थ सिद्ध होतो काय, आणि होत असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत होतो, याचें परीक्षण करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

हा लेख कामठीहून लिहिला जात आहे, हें अगदींच अप्रस्तुत नाहीं. सीताबर्डीची लढाई १८१७ सालीं झाली आणि १८२१ सालीं कन्हान नदीच्या कांठीं इंग्रजांची छावणी पडली. तिच्याभोंवतीं हें गांव वाढलें. छावणीबरोबर पलटणीचीं पितळी वाद्यें आलीं. अशा वाद्याचा स्वर कारखान्यांत ठरतो; वाजविणाऱ्याच्या ओठांस तो थोडाफार वळवितां येतो इतकेंच. पुढें घरोघर पेटी आली. तिचा मूळ साचा पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यानें १८४२ सालीं आपल्या नांवें नोंदविला होता. पेटीच्या पट्टीस तर ओठांइतकीही मोकळीक नाहीं. ज्या गांवाचा कान दोनशें वर्षें अशा ठरीव स्वरांत वाढला, त्या गांवच्या माणसास "स्वर वाद्यांत असतो कीं कानांत" हा प्रश्न नुसता पंडिती वाटत नाहीं.

प्रथम भरताकडे जाऊं. नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत त्यानें दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन्ही वीणा सारख्या प्रमाणाच्या घ्यावयाच्या आणि षड्जग्रामांत सारख्या लावावयाच्या. एक अचल ठेवावयाची. तिला ध्रुववीणा म्हणतात. दुसरी क्रमानें उतरवीत न्यावयाची, ती चलवीणा. षड्जग्रामांत षड्जाच्या चार, ऋषभाच्या तीन, गांधाराच्या दोन, मध्यमाच्या चार, पंचमाच्या चार, धैवताच्या तीन व निषादाच्या दोन मिळून बावीस श्रुति होतात. पहिल्या सारणेंत चलवीणेचा पंचम एक श्रुति उतरवून मध्यमग्रामाचा करावयाचा आणि मग उरलेले स्वर त्याच्या अनुरोधानें उतरवून वीणा पुन्हां षड्जग्रामांत आणावयाची. दुसऱ्या सारणेंत चलवीणेचे गांधार-निषाद ध्रुववीणेच्या ऋषभ-धैवतांस जाऊन मिळतात. तिसरींत ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमांस मिळतात. चौथींत पंचम, मध्यम व षड्ज हे अनुक्रमें मध्यम, गांधार व निषाद यांस मिळतात.

या प्रयोगाचें सौंदर्य कशांत आहे तें नीट पाहिलें पाहिजे. भरतानें तारेची लांबी सांगितली नाहीं, अपूर्णांक दिले नाहींत, पडद्यांचीं मापें दिलीं नाहींत. त्यानें कानाला दोन खुणा दिल्या: संवाद आणि मिलाफ. षड्जाशीं संवाद करणारा पंचम एक, आणि ऋषभाशीं संवाद करणारा पंचम दुसरा. या दोहोंमधील जें अंतर ऐकूं येतें ती प्रमाणश्रुति. ज्याला पंचम लावतां येतो त्याला ही श्रुति ऐकतां येते. त्यासाठीं गणित लागत नाहीं.

आम्हीं गांवांतील एका सुताराकडून सागाची फळी करून घेतली, तिच्यावर ९० सेंटिमीटरची एकच तार चढविली आणि हें अंतर मोजून पाहिलें. षड्जाशीं जुळणारा पंचम ६० सेंटिमीटरवर येतो. ऋषभ दशनवमांश, म्हणजे ८१ सेंटिमीटरवर धरला, तर त्याच्याशीं जुळणारा पंचम ६०.७५ सेंटिमीटरवर येतो. साऱ्या वादाचें मूळ त्या साडेसात मिलिमीटरांत आहे. तें अंतर लहान खरें, पण कान त्याला चुकत नाहीं. दोन्ही पंचम लागोपाठ छेडले असतां गाणें न शिकलेल्या माणसासही कांहीं तरी हाललें असें वाटतें.

आतां शार्ङ्गदेव. याचा आजोबा भास्कर काश्मीरांतून दक्षिणेंत आला, बाप सोढल यादवांच्या पदरीं होता, आणि हा स्वतः देवगिरीस सिंघण राजाच्या कारकीर्दींत, म्हणजे १२१० ते १२४७ या काळांत, श्रीकरणाधिप होता. राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या या अधिकाऱ्यानें संगीतरत्नाकराचे सात अध्याय लिहिले. मंगेश रामकृष्ण तेलंगांनीं पुण्याच्या आनंदाश्रमाकडून तो ग्रंथ कल्लिनाथाच्या टीकेसह १८९६-९७ सालीं छापला, तेव्हांपासून तो महाराष्ट्राच्या हातीं सुलभ झाला. पुढें अड्यारच्या आवृत्तींत सिंहभूपालाची टीकाही जोडली गेली.

स्वराध्यायांत शार्ङ्गदेवानें भरताचाच प्रयोग पुन्हां मांडला आहे, परंतु वाद्य बदलून. त्याच्या दोन्ही वीणांना प्रत्येकीं बावीस तारा आहेत. पहिली तार शक्य तितकी मंद लावावयाची. दुसरी तिच्याहून किंचित् उंच, इतकी किंचित् कीं दोहोंच्या मध्यें तिसरा नाद मावूं नये. आणि याप्रमाणें बाविसाव्या तारेपर्यंत चढत जावयाचें. मग चौथ्या तारेवर षड्ज, सातव्या तारेवर ऋषभ, नवव्या तारेवर गांधार, तेराव्या तारेवर मध्यम, सतराव्या तारेवर पंचम, विसाव्या तारेवर धैवत व बाविसाव्या तारेवर निषाद. यानंतर चलवीणेवर स्वर एकेक तार खालीं सरकवीत नेले कीं सारणा होतात.

हें वाद्य अपूर्व आहे यांत शंका नाहीं. भरताच्या प्रयोगांत ज्या श्रुति केवळ दोन वीणांच्या अंतरांतून प्रकट होत होत्या त्या येथें एकेका तारेवर मूर्त झाल्या. परंतु परीक्षक या नात्यानें आम्हांस असें म्हणणें भाग आहे कीं, या बदलानें प्रयोगाचा प्राण गेला. भरताच्या वीणेंत बावीस ही संख्या शेवटीं निघते. शार्ङ्गदेवाच्या वीणेंत ती आरंभींच तारांच्या रूपानें बांधलेली आहे. बावीस तारांच्या वीणेवर बावीस श्रुति सांपडल्या, यांत सिद्ध काय झालें? खजिन्यांत आपणच मोजून ठेविलेली रक्कम पुन्हां मोजून ती बरोबर भरली असें दाखविण्यासारखें हें आहे. आणि मांडणारा जमाखर्चाचा अधिकारी होता हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें नवल वाटत नाहीं. त्याच्या काळीं मध्यमग्राम प्रत्यक्ष गायनांतून मागें पडत चालला होता. जो पंचम गळ्यांतून ऐकूं येईनासा झाला तो डोळ्यांनीं दाखविणें त्याला प्राप्त झालें असावें. तरीही संवादानें लावलेल्या तारा आणि "मध्यें नाद मावूं नये" या कसोटीनें लावलेल्या तारा या दोन भिन्न वस्तु आहेत, आणि त्यांना एक समजणें हेंच पुढील सर्व घोटाळ्याचें बीज आहे.

आतां तिसरें वाद्य. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं, सेवानिवृत्त झाल्यावर, हिंदु संगीताची स्वरसप्तक व बावीस श्रुति यांवर इंग्रजींत एक पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध केलें. अर्नेस्ट क्लेमेंट्स या न्यायखात्यांतील सनदी अधिकाऱ्यानें त्यांचें मत उचलून धरलें व १९१३ सालीं स्वतःचा ग्रंथ छापला. दोघांच्या उद्योगांतून श्रुतिपेटी जन्मास आली. रूढ पेटीचे बारा स्वर समान अंतरांचे. या पेटींत श्रुतींसाठीं निराळे सूर बसविले होते. सन १९१६ मध्यें बडोद्यास संगीत परिषद भरली, तेव्हां ही पेटी पंडितांपुढें व गायकांपुढें ठेवण्यांत आली, आणि भातखंडे प्रभृतींचें तिनें समाधान झालें नाहीं.

देवलांच्या उद्योगाविषयीं आमचा आदर कमी नाहीं. सरकारी नोकरींत आयुष्य घालविलेल्या माणसानें उतारवयांत तारा ताणून अंतरें मोजावीं, परक्या शास्त्राचे अपूर्णांक शिकावे आणि शेवटीं स्वतःचें म्हणणें ऐकूं येईल असें वाद्य घडवून आणावें, हें आपल्याकडे विरळ आहे. ज्यांनीं त्यांस हंसून सोडलें त्यांनीं स्वतः एक तारही लावली नव्हती. परंतु आदर निराळा आणि निर्णय निराळा.

देवलांच्या बाजूनें मुख्य प्रमेय असें: चतुःश्रुतिक अंतर म्हणजे ९/८, त्रिश्रुतिक म्हणजे १०/९, द्विश्रुतिक म्हणजे १६/१५. हें क्षणभर मान्य करूं आणि भरताच्या चार सारणा या मापांनीं मोजूं. पहिली सारणा ८१/८० होते. दुसरी २५६/२४३. तिसरी २५/२४. चौथी पुन्हां ८१/८०. आमच्या ९० सेंटिमीटरच्या तारेवर प्रत्येक अंतर मोकळ्या स्वरापासून स्वतंत्र मोजलें, तर पहिली श्रुति सुमारें १.१ सेंटिमीटर, दुसरी ४.६, तिसरी ३.६ आणि चौथी पुन्हां १.१ भरते. एक श्रुति दुसरीच्या चौपट! भरत मात्र प्रत्येक सारणेस पुन्हां त्याच रीतीनें उतरवावयास सांगतो. "त्याच रीतीनें" याचा अर्थ "तितकेंच" असा घेतला, तर देवलांचें गणित मोडतें. "त्याच कृतीनें" असा घेतला, तर गणित टिकतें. परंतु मग श्रुति हें ठराविक माप राहत नाहीं, आणि पेटींत बसविण्याजोगी बावीस ठिकाणें भरतानें सांगितलीं होतीं हा दावा सोडावा लागतो. दोन्ही डगरींवर पाय ठेवतां येणार नाहीं. भातखंड्यांनीं ग्रंथकारांच्या श्रुति समान मानल्या, तो पक्षही निर्दोष नाहीं. कारण अंतरें समान मानलीं कीं पंचमाचा शुद्ध संवाद किंचित् ढळतो, आणि संवाद हाच तर भरताच्या प्रयोगाचा आधार आहे. परंतु निदान त्यांनीं आपलें मत लांकडांत व पितळेंत बांधून ग्रंथाच्या नांवावर चालविलें नाहीं.

आज प्रचारांत असलेल्या बावीस श्रुतींच्या कोष्टकाकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. षड्ज व पंचम अचल. उरलेल्या दहा स्वरांचीं प्रत्येकीं दोन रूपें, एक उतरें, एक चढें. दोन आणि वीस मिळून बावीस. दहाही जोड्यांतील अंतर नेमकें ८१/८०. ही मांडणी सुबक आहे. डॉ. विद्याधर ओक यांनीं अलीकडे जी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली तिची योजना याच तत्त्वावर आहे: पट्ट्या बाराच, परंतु प्रत्येक चल स्वराचें उतरें अथवा चढें रूप वाजविण्यापूर्वीं निवडतां येतें. वाद्य म्हणून ही युक्ति श्रुतिपेटीहून पुष्कळच सोयीची, कारण हाताला नवी पट्टी शिकावी लागत नाहीं, आणि गायकाशीं पेटी अधिक जवळून मिळते. याबद्दल कर्त्याचें अभिनंदनच केलें पाहिजे. पण भरताच्या ग्रंथांत दहा स्वरांचीं दोन-दोन रूपें नाहींत. तेथें शुद्ध स्वर सात, आणि अंतरगांधार व काकलीनिषाद हे दोनच साधारण. तेथें श्रुति हें स्वराचें ठिकाण नसून दोन स्वरांमधील अंतर सांगण्याचें माप आहे. कोस हें अंतर आहे; कोस नांवाचें गांव नसतें.

मग प्रत्यक्ष गायक काय करतो? सन १९६३ मध्यें जयराजभॉय व स्टोन यांनीं यंत्रांच्या साहाय्यानें हिंदुस्थानी गायनवादनांतील स्वरस्थानें मोजलीं, तेव्हां एकच कलावंत एकाच रागांत एकच स्वर वेगवेगळ्या उंचीवर लावतो असें आढळलें. आमच्या फळीवर आम्हीं गांवांतील दोन गाणाऱ्यांना गांधार धरावयास सांगितला. दोघांनींही तो सुरेल धरला. एकाच ठिकाणीं मात्र दोनदां धरला नाहीं, आणि त्यांपैकीं कोणासही आपण बेसूर झालों असें वाटलें नाहीं. गळ्याचा गांधार हा प्रवासांत असतो, पेटीचा गांधार मुक्कामावर. पेटीच्या या मुक्कामीपणामुळेंच ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. बारांच्या जागीं बावीस मुक्काम केल्यानें प्रवास होत नाहीं.

येथवर आमचें परीक्षण खंडनपर झालें. परंतु नवीं वाद्यें बांधूंच नयेत असा कोणी त्याचा अर्थ करील तर तो आमच्या मताच्या अगदीं उलट होईल. यासाठीं पुन्हां शार्ङ्गदेवाकडेच गेलें पाहिजे.

त्याच्या सहाव्या अध्यायांत, म्हणजे वाद्याध्यायांत, तत, सुषिर, अवनद्ध व घन अशा चारी जातींचीं वाद्यें आहेत. तंतुवाद्यांत एकतंत्री आहे, सात तारांची चित्रा, नऊ तारांची विपंची, एकवीस तारांची मत्तकोकिला आहे. आलापिनी, किन्नरी, धनुष्याच्या आकाराची व गजानें घासून वाजविण्याची पिनाकी आहे. आणि शेवटीं निःशंकवीणा आहे. "निःशंक" हें शार्ङ्गदेवाचें स्वतःचें बिरुद. बावीस तारांच्या श्रुतिवीणेला त्यानें आपलें नांव दिलें नाहीं. तें दिलें या वीणेला. आमच्या मतें ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. श्रुतिवीणा शिष्यांना पटविण्यासाठीं होती, निःशंकवीणा नादासाठीं. पहिली पूर्वसूरींची साक्ष काढते. दुसरी कोणाचीच साक्ष काढीत नाहीं आणि आपल्या कर्त्याच्या नांवावर उभी राहते. असें असूनही श्रुतिवीणेवर आपल्या विद्वानांनीं ग्रंथ लिहिले, आणि निःशंकवीणा नामावळींत एकदां येऊन तेथेंच राहिली.

वाद्याध्यायाचें वाचन पुष्कळांस रुक्ष वाटतें. परंतु किन्नरीच्या पडद्यांसाठीं गिधाडाचें हाड वापरावें, ते मेण आणि जळलेल्या कापडाची राख यांच्या मिश्रणानें बसवावे, अथवा तारेखालीं नादासाठीं जीवा घालावी, असलीं विधानें ज्यानें लिहिलीं त्याचे हात मेणानें माखलेले असले पाहिजेत, निदान तो कारागिराच्या शेजारीं मांडी घालून बसला असला पाहिजे. आजही तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोरा सरकवून जवारी खुलवितात. ती जीवा कोशांतून नव्हे, कारखान्यांतून चालत आलेली आहे.

येथें शब्दकोशावर भिस्त ठेवणाऱ्यांस एक सूचना करणें अवश्य वाटतें. विदर्भांत परधान लोक गोंडांच्या देवांचीं व राजांचीं आख्यानें ज्या वाद्यावर गातात त्याला किंगरी म्हणतात. किन्नरी या शब्दाशीं त्याचें नातें उघड आहे. पण शार्ङ्गदेवाची किन्नरी पडद्यांची आणि बोटांनीं छेडण्याची, तर परधानांची किंगरी गजानें वाजविण्याची. नांव टिकलें, देह बदलला. उलट सोलापूरच्या जाधव घराण्यानें सनईहून लहान अशी "सुंदरी" प्रचारांत आणली, तेथें जातीचा देह जुना असून नांव नवें आहे. नुसत्या नांवावरून वाद्य ओळखूं जाणारा दोन्हीकडे फसतो.

यावरून नव्या वाद्याची कसोटी आम्ही अशी लावतों. तें वाद्य कोणत्या ग्रंथाला खरें ठरवितें हें विचारूं नये. त्यानें कानाला पूर्वीं न ऐकलेलें काय दिलें हें विचारावें. या कसोटीवर भरताच्या दोन वीणा उत्तम उतरतात, कारण त्यांनीं कानाला दोन पंचमांमधील अंतर दिलें. देवलांची पेटीही सर्वस्वीं निष्फळ ठरत नाहीं: समान अंतरांच्या पेटीवर वाढलेल्या पिढीला शुद्ध गांधार कसा शांत लागतो हें तिनें ऐकविलें. तिचा दोष एवढाच कीं ती स्वतःच्या नांवानें न बोलतां भरताच्या नांवानें बोलली.

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. संगीतरत्नाकराच्या पोथ्या आपण जपल्या, पण ज्यांच्या हातून वाद्यें घडलीं त्यांचीं साधनें आपण पोथीच्या मोलाचीं मानलीं नाहींत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु भोपळा कसा निवडावा, घोडीस उतार किती द्यावा, पडदे कोणत्या मापानें बांधावे हें ज्या पट्ट्यांवर, साच्यांवर व वह्यांवर नोंदलेलें असतें, ते साचे आणि त्या वह्या घर बदलतांना सरपणांत व रद्दींत जातात. दिनकर केळकरांनीं पुण्यास वाद्यें जमविलीं म्हणून तीं आज पाहावयास मिळतात. त्यांनीं तीं अडगळ मानलीं असतीं तर आपण केवळ नामावळ्याच वाचीत बसलों असतों. यापुढें ज्या घरीं पोथीसाठीं जाल, त्या घराच्या माळ्यावर मोडकी घोडी, तुटका पडदा, खुणांची लांकडी पट्टी दिसली तर तीही मागून घ्या, आणि कोणाच्या हातची, कोणत्या गांवची, कोणत्या वाद्याची एवढें तिच्यावर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. वाद्याध्यायाची पुढील टीका अशा चिठ्ठ्यांवरूनच लिहितां येईल.

आणि ज्याला सुताराची संगत आहे त्यानें निःशंकवीणा बांधावयास घ्यावी. मूळ पाठ, सिंहभूपाल व कल्लिनाथ समोर ठेवून, जेथें शब्द अडेल तेथें लांकडाला विचारून ती बांधावी. मात्र ती वाजूं लागल्यावर "शार्ङ्गदेवाची वीणा सांपडली" अशी दवंडी पिटूं नये. तिच्यावर बांधणाऱ्यानें आपलें स्वतःचें नांव घालावें. खुद्द शार्ङ्गदेवाचा तोच प्रघात आहे.